अहवालाचं वाक्य, गोष्टीचं वाक्य

जून उजाडला की कोल्हापुरात लिहून पोट भरणाऱ्याच्या टेबलावर दोन गठ्ठे येतात. एक सहकारी संस्थांच्या वार्षिक अहवालांचा, दुसरा दिवाळी अंकांच्या निमंत्रणांचा. पतसंस्था, दूध संस्था, कारखाने, सगळ्यांचे हिशेब मार्चअखेर बंद झालेले असतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस सभासदाला किमान १४ दिवस आधी मिळायला हवी. म्हणजे सभा २८ सप्टेंबरला ठरली, तर अहवाल १० तारखेच्या आसपास छापून, पिना मारून तयार पाहिजे आणि मजकूर ऑगस्टच्या मध्यापर्यंत डीटीपीवाल्याकडे. त्यातच गणपतीचे दिवस, मंडळांच्या स्मरणिका आणि प्रेसची सुट्टी. नेमक्या याच जुलै-ऑगस्टात दिवाळी अंकांचे संपादक कथा मागतात.

पोटाचं लेखन आणि आवडीचं लेखन एकमेकांच्या अंगावर कधी येणार, हे या गावात असं पंचांगात लिहिल्यासारखं ठरलेलं आहे. म्हणून ‘रोज दोन तास यासाठी, दोन तास त्यासाठी’ ही वाटणी इथं टिकत नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात संचालक मंडळाची बैठक संध्याकाळी सातला बसते आणि साडेदहाला उठते. त्या दिवशी कुठले दोन तास काढणार? दिवस नाही, वर्ष वाटून घ्यायचं.

दिवाळी अंकासाठीची कथा ३१ मेपर्यंत पूर्ण व्हायला हवी, हा पहिला नियम. उलटा हिशेब करून बघा. कथा समजा ३,००० शब्दांची. रोज २५० शब्द, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे आठवड्याला १,२५०. तीन आठवड्यांत ३,७५० शब्दांचा कच्चा खर्डा होतो, त्यातले सात-आठशे शब्द पुढं कापले जाणारच आहेत. मग किमान तीन आठवडे त्याला हात लावायचा नाही. त्यानंतर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी एक आठवडा. सगळे मिळून आठ आठवडे. जानेवारीत बसलात तर मार्चच्या सुरुवातीला कथा हातात येते आणि आजारपण, लग्नसराई, अडलेला शेवट यांना एप्रिल-मे राखीव राहतात. जून ते सप्टेंबर आवडीच्या खात्यात नवं काही सुरू करू नका. या चार महिन्यांत फक्त तयार कथा पाठवायची, प्रूफ बघायचं आणि वहीत टिपणं ठेवायची. ज्यांनी जुलैत कथा सुरू केली त्यांच्या कथेचा शेवट घाईत उरकलेला दिसतो. पहिली चार पानं निवांत आणि शेवटचं पान धावतं, असं दिवाळी अंकांत दरवर्षी वाचायला मिळतं.

वेळेचं भांडण असं मिटवता येतं. खरं अवघड भांडण आहे ते भाषेचं.

अहवालाला, मानपत्राला, गौरवग्रंथाला एक ठरावीक भाषा लागते आणि ती चांगली यावीच लागते, त्याचेच पैसे असतात. ‘सभासदांच्या मागणीनुसार शाखेचे नूतनीकरण करण्यात आले.’ यात करणारा माणूस गायब आहे आणि तो मुद्दाम गायब आहे, कारण ठराव मंडळाचा असतो, एकट्याचा नसतो. अहवालात हे वाक्य बरोबर आहे. पण आठ आठवडे दिवसभर हीच वाक्यं लिहिली की हाताला त्यांचं वळण पडतं. मग कथेत ‘आक्कानं चहा टाकला’ असं लिहायचं असताना ‘आक्कांनी पाहुण्यांचे चहा देऊन स्वागत केले’ असं उतरतं. पहिल्या वाक्यात चूल आहे, आधण आहे, आक्काची पाठ आहे. दुसऱ्यात व्यासपीठ आहे. लिहिताना हा फरक कळत नाही; लिहिणाऱ्याला उलट वाटतं की आज वाक्य छान जमलं.

यावर उपाय अगदी यांत्रिक आहे आणि तो लागू पडतो. कथेचा खर्डा पूर्ण झाला की संगणकाच्या ‘शोधा’ चौकटीत एकेक शब्द टाकून बघायचा: करण्यात, देण्यात, सदर, तसेच, दरम्यान, यांच्या हस्ते, मोलाचे, अनन्यसाधारण, उल्लेखनीय. प्रत्येक जागी थांबून एकच प्रश्न विचारायचा, हे कोणी केलं? नाव सापडलं की वाक्य आपोआप सरळ होतं. ‘दार उघडण्यात आले’ याचं ‘थोरल्यानं दार उघडलं’ होतं. एखाद्या ठिकाणी नाव सापडत नाही, कारण तिथं काय घडलं हे लेखकालाच ठरवता आलेलं नसतं. ती जागा भाषेची नसून गोष्टीची असते आणि तिथं परत बसावं लागतं. एवढ्यासाठी तरी हा शोध घ्यावा.

दुसरी गळती प्रूफाच्या कामातून होते आणि माझ्या मते ती जास्त नुकसानीची. प्रूफ तपासून डोळा प्रमाण भाषेला सरावतो. कोल्हापूरच्या बाया स्वतःबद्दल बोलताना पुल्लिंगी रूप वापरतात. कपिलतीर्थ मार्केटात भाजी विकणारी बाई म्हणते, “मी चारला उठतो, पाचच्या गाडीला बसतो, इथं येऊन च्या पितो.” हे इथलं रोजचं बोलणं. पण व्यावसायिक प्रूफाची सवय झालेला हात आपल्याच कथेत ‘उठतो’चं ‘उठते’ करून टाकतो आणि ती बाई दुसऱ्याच गावची होऊन बसते. ‘काय करालाईस?’चं ‘काय करतोयस?’ होतं. म्हणून बोलीतल्या संवादांसाठी प्रत्येक कथेचं एक वेगळं टिपण ठेवा: कोण कसं बोलतं, कोणती रूपं ठरवून वापरली आहेत, ‘न्हवं’ लिहायचं की ‘नव्हं’, ‘हाय’ लिहायचं की ‘हे’. अर्धं पान पुरतं. कथेसोबत हे टिपण संपादकालाही पाठवा, म्हणजे त्यांचा मुद्रितशोधक शुद्धलेखनाच्या नियमाखाली ती रूपं सपाट करणार नाही.

कान ताजा ठेवण्यासाठी आणखी एक गोष्ट करता येते. पगाराचं किंवा ऑर्डरचं काम संपवून थेट कथेकडे वळू नका. मधे वीस मिनिटं ठेवा. त्यात दिवसभरात ऐकलेली दहा वाक्यं वहीत हातानं लिहायची, जशी ऐकली तशी. रिक्षातलं, दवाखान्याच्या बाकावरचं, रंकाळ्याच्या कट्ट्यावरचं. त्यात सुधारणा करायची नाही. त्यानंतर आपल्या कथेचं शेवटचं लिहिलेलं पान मोठ्यानं वाचायचं आणि मगच पुढचं वाक्य. मनात वाचून भागत नाही, कारण मनातल्या मनात अहवालाचं वाक्यसुद्धा गोड लागतं. तोंडानं म्हणताना ते अडखळतं.

या गावाला ही कसरत नवी नाही. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ कोकणातल्या शिरोड्याला शाळामास्तर होते, नंतर कोल्हापुरात राहून चित्रपटांच्या पटकथाही लिहीत होते आणि कादंबऱ्याही. जगदीश खेबुडकर शिक्षकी करत गीतं लिहीत राहिले. शिक्षकीत एक सोय होती: ती माणसाला थकवते, पण त्याचं वाक्य वापरून टाकत नाही. जाहिरात, अहवाल, बातमी यांत वाक्यच विकलं जातं. त्यामुळे लेखनावर पोट असणाऱ्यानं आवडीचं लेखन सकाळी, फोन सुरू करण्याआधी करावं, असं माझं ठाम मत आहे. पाऊण तास पुरे. कामं देणाऱ्यांचे फोन दहानंतर सुरू होतात.

जागाही बदलावी. ज्या टेबलावर बिलं आणि प्रुफं पडली आहेत तिथं कथा नको. घरात दुसरा कोपरा नसेल तर वाचनालय आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून याच गावात आहे.

फाईलींचं थोडं तांत्रिक. प्रेसचं बरंच काम अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत चालतं. आपली कथा मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. रूपांतर करताना नेमके तेच घसरतात: ‘कार्यक्रम’मधला रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ‘दुसऱ्या’ तुटतो. अहवालात हे प्रूफवाला पकडतो. कथेत पकडायला तुम्ही एकटेच.

आता पैसे, कारण पैशाची ओढाताण झाली की पहिला बळी आवडीच्या लेखनाचा जातो. अहवालाचा दर बहुतेक जण शब्दांवर किंवा पानांवर सांगतात आणि तिथंच फसतात. २,५०० शब्दांच्या अहवालाचे तास मोजून बघा: खर्डा सहा तास, ताळेबंदाशी आकडे जुळवणं चार तास, दुरुस्तीच्या तीन फेऱ्या प्रत्येकी दोन तास. एकूण सोळा, त्यातलं लिहिणं सहाच. दर सोळा तासांचा धरा. दुरुस्त्या वाढतात कारण अध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि मॅनेजर तिघंही वेगवेगळे व्हॉइस मेसेज पाठवतात आणि त्यांचं आपसांत जुळत नाही. म्हणून कामाच्या सुरुवातीलाच एका पानावर लिहून घ्या: दुरुस्त्या एकाच व्यक्तीकडून, लेखी, दोनच फेऱ्या, तिसरीला वेगळे पैसे. निम्मी रक्कम आगाऊ, पाव रक्कम खर्डा दिल्यावर, उरलेली पाव छपाईची फाईल सोपवण्याआधी. फाईल एकदा प्रेसला गेली की उरलेली रक्कम दिवाळीपर्यंत लांबते. एकाच संस्थेकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर फी झाली की १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच वळता केलेला आयकर, कापला जातो. तो आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनवर दिसतोय ना, हे दर तिमाहीला तपासा आणि विवरणपत्र भरताना हिशेबात घ्या. बरेच लिहिणारे हे पैसे सोडून देतात.

सप्टेंबरअखेर आलेल्या रकमेतून घरखर्चाचे तीन महिने बाजूला ठेवावेत: जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. हेच ते कथेचे महिने. तेव्हा हात रिकामा असला की पडेल ते काम घ्यावं लागतं आणि वर्षाची कथा तिथंच बुडते.

फुकटची कामं हा वेगळा विषय. भाचीच्या लग्नाची पत्रिका, शेजारच्या मास्तरांचं निरोपाचं मानपत्र. नाही म्हणवत नाही आणि म्हणूही नये. फक्त तो वेळ ऑर्डरच्या कामातून काढा, सकाळच्या पाऊण तासातून नाही.

सगळ्यात जपून राहायला हवं ते शब्दांकनात. इथं कारखानदार, पैलवान, शिक्षणसंस्थाचालक यांची आत्मचरित्रं दुसऱ्याकडून लिहून घेतली जातात. पंचाहत्तरी गाठलेला माणूस वीस-वीस तास बोलतो आणि त्यात कथेला पुरून उरेल असं बरंच काही असतं. ते त्याचं आहे. त्यानं विश्वासानं सांगितलेला भावकीचा वाद नावं बदलून कथेत घालणं चूकच, आणि करारात गोपनीयतेचं कलम असेल तर कायद्यानंही अंगाशी येतं. ध्वनिमुद्रणं काम संपल्यावर परत द्यायची, प्रत ठेवायची नाही. त्या काळातली आपली स्वतःची टिपणं तारीख घालून वेगळ्या वहीत ठेवायची.

हक्कांबाबत १९५७ चा कॉपीराइट कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. वृत्तपत्रात पगारी असाल तर वृत्तपत्राचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता. बाकीचे हक्क लेखकाचे. घरी स्वतःच्या वेळात लिहिलेली कथा या नोकरीत मोडत नाही, तरीही नेमणूकपत्रात बाहेर लिहिण्यासाठी परवानगीची अट आहे का ते बघून घ्या. फ्रीलान्स लिहिलेल्या मजकुराचा हक्क करार नसेल तर तुमचा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीचा लेखी कागद लागतो; त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत.

त्यामुळे जूनमध्ये कथा पाठवताना ईमेलमध्ये युनिकोड फाईल जोडा, अक्षरं हलली तर ताडून बघायला पीडीएफ जोडा, बोलीचं अर्ध्या पानाचं टिपण जोडा आणि मजकुराच्या शेवटी ही ओळ लिहा: ‘ही कथा आपल्या यंदाच्या दिवाळी अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे, पुनर्मुद्रण, अनुवाद, अभिवाचन आणि दृक्‌श्राव्य रूपांतराचे हक्क लेखकाकडे राहतील.’ मग ती खिडकी बंद करून ताळेबंदाचा गठ्ठा पुढं ओढा.