पाटण्याच्या रानातला श्रावण

धुळ्याच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळात वनभोजनाची वर्गणी तेलात गोळा करतात. घरटी पळीभर तेल. शेंगदाण्याचं आणा, करडईचं आणा, औषधाच्या धुतलेल्या बाटलीत आणा, पण आणायचंच. श्रावणातल्या एका रविवारी सकाळी धुळे स्टेशनवर चाळीसगावची गाडी लागायच्या आत सगळ्यांचं तेल एका बरणीत ओतलं जातं. सर होते तोवर ते बरणीपाशी उभे राहून प्रत्येकाला विचारायचे, "तेल लई उना का रे भो?" म्हणजे तेल घेऊन आलास का रे भाऊ? वर्गात शुद्ध मराठीशिवाय एक शब्द न बोलणारे सर, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून अहिराणी ऐकताना आम्हाला फार आपलंसं वाटायचं.

धुळे ते चाळीसगाव छप्पन किलोमीटरचा हा फाटा १९०० सालचा. शिरूड, जामदा अशी स्टेशनं घेत गाडी जाते, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढा झालेला कापूस. चाळीसगावला उतरून एसटी धरायची. पाटणादेवी तिथून अठरा किलोमीटर. पाटणे गाव जवळ आलं की समोर डोंगराची भिंत उभी राहते आणि पाऊस झालेला असला तर तिच्यावर पांढऱ्या रेघा दिसू लागतात. त्या धबधब्यांच्या. मग गाडीत कुणी बसून राहत नाही.

हे रान आता गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं. २६० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. निम्मं नाव ज्याच्यावरून पडलं त्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारली होती. साग, धावडा, सालई, पळस अशी पानगळीची झाडं. उन्हाळ्यात इथं यावं तर डोंगर नुसता राखाडी, आणि श्रावणात तोच डोंगर ओळखू येत नाही. बिबट्या आणि अस्वल आहेत, मोर तर हाकेच्या अंतरावर ओरडतात. २०२१ साली यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला एक वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता.

पण सर आम्हाला इथं आणायचे ते मुख्यतः एका शिलालेखासाठी. रानात आज जिथं पायवाट आहे तिथं आठशे वर्षांपूर्वी पाटण नावाचं नांदतं शहर होतं, बाजारपेठ होती आणि गणित-ज्योतिषाचा मठ होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवांच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचा सिद्धांतशिरोमणी हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ शिकवला जावा म्हणून त्याने इथं मठ काढला, आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. तिथी शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. म्हणजे इसवी सन १२०७. भवानीच्या देवळातला हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्य आपलं गाव विज्जडविड सांगतात. ते हेच पाटण का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि सर ते दरवर्षी आवर्जून सांगत. ग्रहांचं गणित शिकवणाऱ्या शाळेला ग्रहणाच्या मुहूर्तावर अनुदान मिळालं, याचं मात्र त्यांना दरवेळी नव्यानं कौतुक वाटे.

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. सरांनी तो वहीत उतरवून घेतला होता. देवळाच्या ओट्यावर आम्हाला बसवून ते एकेक ओळ वाचत आणि अर्थ सांगत: या पाटणात जो माल विकायला उघडतो, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं ते मठाला दिलं; गावात जेवढे घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल मठाला दिलं. आमच्या वर्गातल्या एकाच्या घरी तेलाचा घाणा होता. तो एकदम उभा राहिला. "सर, आमना घाणा ते दिनभर चालस. एकच पळी?" सगळे हसले, सरही हसले. पुढच्या श्रावणात तो घरून तेलाची किटली घेऊनच आला, आणि मग कुणी ठरवलं असं नाही, पण सगळेच आणू लागले. त्या तेलात आमच्या बट्ट्या तळल्या जातात. मला तरी एवढी चांगली वर्गणी दुसऱ्या कुठल्या मंडळाची माहीत नाही.

अभयारण्यात चूल पेटवायची नाही, म्हणून स्वयंपाक पाटण्यातल्या ओळखीच्या शेतात, पत्र्याच्या शेडखाली. रवाळ दळलेली कणीक, ओवा, हळद. वाफवलेले उंडे कापून तळायचे, वर घट्ट वरण, साजूक तूप. चातुर्मास पाळणारे बरेच, त्यामुळे घोटलेल्या वांग्याऐवजी गंगाफळाची भाजी. गोवऱ्या पावसात भिजू नयेत म्हणून युरियाच्या गोणीत बांधून आणाव्या लागतात, आणि तरी त्या धुरतातच. केदारकुंडाच्या धबधब्याखाली भिजून आलेली पोरं त्या धुरात डोळे चोळत ताट घेऊन बसतात.

जेवणाआधी एक सवाल असतो. सर कुड्याचं झाड दाखवून भास्कराचार्यांच्या लीलावतीतला भुंग्यांचा सवाल घालत: भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा हवेतच घिरट्या घालत राहिला. थवा केवढा? आम्ही वहीत क्ष मांडत बसलो. आमच्यातल्या एका मुलीने मातीत काडीने तीस आकडा लिहिला. तिसांचा पाचवा भाग सहा, तिसरा दहा, फरक चार, त्याची तिप्पट बारा; बेरीज अठ्ठावीस, उरले दोन. उरायला हवा एक, मग थवा निम्मा, म्हणजे पंधरा. सर तिच्या आकड्यांकडे वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "बाळ, भास्कराचार्यांनी याच रीतीनं सोडवलंय. इष्टकर्म म्हणतात त्याला. तुला कुणी शिकवलं?" कुणीच शिकवलं नव्हतं.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती मुलगी शिरपूरकडे गणित शिकवते, आणि सवाल घालण्याचं काम मंडळाने तिच्याकडे दिलं आहे. पुण्या-नाशिकला गेलेले आदल्या रात्रीच धुळ्यात येऊन राहतात, लेकरंबाळं बरोबर आणतात. यंदा याच ताई मोराचा सवाल घेणार आहेत. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघालाय. मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो, दोघं सारखंच अंतर कापतात. तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल? ज्याचं उत्तर आधी येईल त्याच्या पानात पहिली बट्टी.