दादऱ्यातून आलेला आवाज

मुलगी वापीला नोकरीला लागली तेव्हापासून दादऱ्याला जायचं मनात होतं. गेल्या जुलैत जाणं झालं. वापी स्टेशनबाहेर रिक्षा केली. पाऊस मी म्हणत होता, रस्त्याला कारखान्यांच्या भिंती आणि ट्रकांची रीघ. एका चहाच्या टपरीपाशी उतरले आणि विचारलं, पोर्तुगिजांची पोलीस चौकी कुठे होती? टपरीवरचा मुलगा नंदुरबारचा निघाला. "कसली चौकी, मावशी? मला येऊन दोनच वर्षं झालीत."

त्याचं काय चुकलं? मी एकतीस वर्षं गोव्यात, डिचोली तालुक्यात इतिहास शिकवला. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा, १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह, १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती, या पायऱ्या मुलांकडून घोटून घेतल्या. दादरा मात्र एका ओळीत आटपायचा. गोव्यापासून कितीतरी लांब, दमणच्या पलीकडची तीन-चार गावं, त्यांचं काय मोठंसं, असं मलाही वाटायचं. आज त्याची खंत वाटते.

२१ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स या मुक्तिसंघटनेचे कार्यकर्ते दादऱ्यात शिरले. पुढे होते फ्रान्सिस मास्कारेन्हास आणि वामन देसाई. चौकीत मूठभर पोलीस. त्यांचा प्रमुख अनिसेतो रुझारियो शरण आला नाही, तिथेच पडला. २२ तारखेला दादरा मोकळा झाला. मग शेजारच्या नगरहवेलीतलं नरोली, आणि २ ऑगस्टला तिथलं मुख्य ठाणं सिल्व्हासा. तिथे आझाद गोमंतक दलाचे लोक होते, पुण्या-मुंबईहून आलेले संघाचे स्वयंसेवक होते. या कामाला पैसा हवा म्हणून सुधीर फडक्यांनी खटपट केली आणि लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला. बाबूजी स्वतःही या मोहिमेत होते. ११ ऑगस्टला पोर्तुगिजांचा कॅप्टन फिदाल्गो शरण आला आणि नगरहवेलीत पोर्तुगीज अंमल उरला नाही.

दमणला पोर्तुगिजांचं सैन्य होतं, पण मधे भारताची हद्द. भारत सरकारने ती वाट अडवली, त्यामुळे कुमक आलीच नाही. गोव्यात तसं होणार नव्हतं. इथे सैन्य घरातच होतं आणि समुद्रही त्यांचाच. म्हणून दादऱ्याची लढाई सोपी होती असं कुणी म्हटलं, तर मला ते मान्य आहे. पण साडेचारशे वर्षांत आपल्याकडच्या लोकांनी किती बंडं केली! कुंकळ्ळीकरांनी केलं, सत्तरीच्या राण्यांनी तर पुन्हा पुन्हा केलं, आणि दरवेळी पाखले, म्हणजे पोर्तुगीज गोरे, उरले. दादरा-नगरहवेलीतून मात्र ते गेले आणि परत आले नाहीत. ही बातमी गोव्यात कुजबुजत पोचली असेल तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काय आलं असेल, याचा विचार मी चहा पिताना करत होते.

पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्यांनी पुढे केलेला आधार होता १७७९ चा पेशव्यांशी झालेला पुण्याचा तह! वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं सरंजाम म्हणून तोडून दिलेली. न्यायालय म्हणालं, मराठ्यांनी दिला तो महसूल, राज्य नव्हे. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला: नागरी माणसांना आणि मालाला जाण्याचा हक्क होता, सैन्याला आणि शस्त्रांना नव्हता, आणि भारताने काही वावगं केलेलं नाही. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. मुलांना ते नक्की आवडलं असतं.

माझ्या लेखी मात्र दादरा-नगरहवेलीची सगळ्यात मोठी कमाई वेगळीच. त्या मोहिमेत पोर्तुगिजांचे दोन वायरलेस संच हाती लागले. त्यांच्यातूनच प्रक्षेपक तयार झाला आणि २५ नोव्हेंबर १९५५ ला 'गोंयच्या सोडवणेचो आवाज' सुरू झाला. याच तारखेला १५१० साली पोर्तुगिजांच्या अल्बुकर्कने गोवा घेतला होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या रानातून, मग कॅसलरॉकहून तो चालवला, कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून, थेट १९६१ पर्यंत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या वर्तमानपत्रांनी जे दाबलं ते त्या रानातून घरात यायचं. शत्रूचंच यंत्र, शत्रूच्याच भाषेत, शत्रूविरुद्ध बोलत होतं.

हा आवाज आईने ऐकलेला. त्या वेळी ती बारा वर्षांची होती. शेजारच्या दुकानदाराकडे रेडिओ होता. तिन्हीसांजेला खिडक्या लावून चार-पाच मोठी माणसं त्याच्याभोवती कान लावून बसत. हे तिने आम्हाला शंभरदा सांगितलंय. पण ती आत बसायची की बाहेर, हे मी कधी विचारलं नव्हतं.

टपरीच्या पत्र्यावर पाऊस आदळत होता, तिथूनच तिला फोन लावला. म्हटलं, "आई, तू ऐकायचीस ना तो रेडिओ, त्याचं यंत्र या दादरा-नगरहवेलीतून आलेलं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला आत कुठे बसू द्यायचे गो? मी पायरीवर आबोलीचा वळेसर करत बसायची. कोणी येताना दिसलं की खोकायचं, एवढंच माझं काम. आतलं अर्धंच ऐकू यायचं."

"कधी खोकलीस?"

"दोनदा. एकदा पाखलोच होता, सायकलवरून गेला. दुसऱ्यांदा खरोखरच खोकला आला होता, आणि आतल्यांनी झटकन रेडिओ बंद केला. फार ओरडले मला."