सोनं एका सकाळी होतं, पट्टी होत नाही

पीएचडीचा विषय सांगितला की घरच्या कार्यात कोणीतरी हमखास विचारतं, "सोन्यावर काम करतेस? मग आमचं काय ते बघ की!" खरा हिशोब असा आहे की क्लोरोऑरिक ॲसिडची, म्हणजे सोन्याच्या संयुगाची, 1 ग्रॅमची कुपी घेतली तर तिच्यात सोनं निम्मंच असतं आणि 100 मिली द्रावणात त्यातलं जेमतेम 5 मिलिग्रॅम जातं. नाकातली चमकीसुद्धा व्हायची नाही. पण त्याच 5 मिलिग्रॅमचे 40 नॅनोमीटरचे कण केले की पाणी लालबुंद होतं आणि ती लाली नुसत्या डोळ्यांना दिसते. गर्भचाचणीच्या पट्टीवर किंवा कोविडच्या घरगुती किटवर उमटणारी तांबूस रेघ बहुतेक वेळा ह्याच सोन्याची असते.

मला तशीच पट्टी करायची होती, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसाठी. शरीरात कुठे दाह झाला, विशेषतः जिवाणूंचा संसर्ग झाला, की यकृत हे प्रोटीन भराभर तयार करतं. निरोगी माणसाच्या रक्तात ते लिटरला 5-10 मिलिग्रॅमच्या खाली असतं, संसर्गात शेकड्यांत जातं. लॅब जवळ नसलेल्या दवाखान्यात तापाच्या पेशंटला अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे ठरवताना एवढी माहिती खूप असते.

सोन्याचे कण करायची कृती जुनीच आहे. टुर्केविचने ती 1951 मध्ये दिली, फ्रेन्सने 1973 मध्ये सायट्रेट, म्हणजे सायट्रिक ॲसिडचा क्षार, कमी-जास्त करून कणाचा आकार कसा ठरवायचा ते दाखवलं. सायट्रेट कमी घातलं की कण मोठे होतात. द्रावण उकळतं ठेवायचं, जोरात ढवळत राहायचं आणि सायट्रेट एका दमात ओतायचं. फिकट पिवळा रंग आधी उडून जातो, मग करडी-निळसर झाक येते, मग जांभळा आणि शेवटी लाल. पहिल्यांदा बघताना सगळे मोबाइल काढतात, मीही काढला होता.

त्याआधीची धुलाई मात्र कोणी फोटोत दाखवत नाही. चंबू, दांडी, चुंबक, सगळं ॲक्वा रेजियात, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक ॲसिडमध्ये, फ्यूम हूडखाली धुवायचं. आदल्या वेळचा सोन्याचा एक कण जरी काचेला चिकटलेला राहिला तरी नवं सोनं त्याच्याभोवती जमायला लागतं. क्लोरोऑरिक ॲसिड घ्यायला स्टीलचा चमचा चालत नाही, धातूवरच सोनं बसतं. शिवाय ते हवेतलं पाणी इतकं ओढतं की पुण्याच्या जुलैमध्ये वजन करेपर्यंत त्याचा चिखल होतो. म्हणून आमच्याकडे कुपी फोडली की ती पूर्ण विरघळवून बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची, असा दंडक आहे.

हे सगळं एका सकाळी उरकतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे कणांवर अँटिबॉडी, आपल्याला हवं ते प्रोटीन नेमकं पकडणारा रेणू, बसवणं, आणि बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना नेमकं हेच ठाऊक नसतं. हे कण एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्यावरच्या ऋण विद्युतभारामुळे. पाण्यात मीठ आलं की तो भार झाकला जातो, कण गोळा होतात आणि लाल द्रावण निळं पडतं. आमच्या भाषेत, कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगत्या बारीक कणांचं मिश्रण, नासतं. आणि जीवशास्त्रातली प्रत्येक गोष्ट खारट! रक्त खारट, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) खारट, विकतची अँटिबॉडीसुद्धा मिठाच्या बफरमध्येच येते. ती आधी मीठ काढून टाकणाऱ्या डिसॉल्टिंग कॉलममधून काढल्याशिवाय सोन्याजवळ न्यायचीच नाही, हे सीनियर ताईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मीठ घातलं की सोन्याचा रंग पालटतो हे फॅरेडेने 1857 मध्येच नोंदवलं होतं. पुढे झिग्मोंडीने त्यावरून 'सुवर्णांक' काढला, म्हणजे सोन्याला मिठापासून वाचवायला किती प्रोटीन लागतं त्याचं माप. कोलॉइडवरच्या कामासाठी त्याला 1925 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आम्ही आजही तेच करतो, फक्त एलायझा प्लेटमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या खाचांच्या प्लॅस्टिकच्या ताटलीत. प्रत्येक खाचेत तेवढंच सोनं, अँटिबॉडी मात्र डावीकडून उजवीकडे वाढत जाते. थोडं थांबून सगळीकडे 10 टक्के मिठाचं पाणी घालायचं. डावीकडच्या खाचा निळ्या पडतात, पुढे जांभळ्या, आणि जिथून लाल टिकतो ते तुमचं किमान प्रमाण. त्याच्या थोडं वर राहायचं.

हे प्रमाण पीएचप्रमाणे बदलतं. मी पोटॅशियम कार्बोनेटने पीएच 8.5 ते 9 च्या आसपास आणत होते. तिथे पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बुडवायचा नाही, सोनं त्याची जाळी बंद करतं. पीएच पेपरच बरा. लाखोंची यंत्रं असलेल्या लॅबमध्ये कागदाची पट्टी भिजवत बसायचं म्हणजे गंमतच आहे, पण चालतं. शेवटी सोन्यावर उरलेली जागा बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनने, म्हणजे गाईच्या रक्तातल्या प्रोटीनने, झाकायची आणि सेंट्रिफ्यूज करायचं, म्हणजे वेगाने फिरवून कण तळाशी बसवायचे. तळाशी मऊ लाल थर आला तर देव पावला. काळी तकतकीत चकती भिंतीला चिकटली असेल तर ती ट्यूब टाकून द्या, कितीही हलवली तरी उपयोग नाही.

आकार मोजायला डीएलएस यंत्र होतं, कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून ते आकार काढतं. त्याच्या आकड्यांवर मी फार विसंबत नाही. कणाकडून विखुरणारा प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढतो, म्हणजे दुप्पट आकाराचा एक कण 64 कणांइतका उजेड फेकतो. धुळीचे चार कण आले की सगळी बॅच बिघडल्यासारखी दिसते. त्यापेक्षा यूव्ही-व्हिजिबलचा, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं त्याचा, आलेख बघा. 525-530 नॅनोमीटरपाशी टोकदार शिखर आणि 650 च्या पुढे जमिनीला टेकलेली रेषा दिसली की निर्धास्त व्हायचं.

पट्टी जुळवणं हातकामच आहे : सँपल पॅड, सोनं वाळवलेला ग्लास फायबरचा पॅड, रेघ जिथे उमटते तो नायट्रोसेल्युलोजचा पातळ पडदा, शेवटी शोषणारा पॅड. पहिल्या पट्ट्यांवर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कमी प्रोटीन असलेल्या नमुन्यात रेघ ठळक, आणि प्रचंड प्रोटीन असलेल्या नमुन्यात जवळजवळ गायब. ह्याला हुक इफेक्ट म्हणतात. प्रोटीन इतकं जास्त असतं की सोन्यावरच्या अँटिबॉडीची आणि रेघेवरच्या अँटिबॉडीची जागा वेगवेगळीच भरून जाते, दोघींना जोडणारं कोणी उरत नाही. सर्वांत आजारी पेशंट निरोगी ठरावा, ह्याहून वाईट काय! म्हणून सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरलेलं पिवळसर पाणी) शेकडो पटीने पातळ करून घालावं लागतं आणि तो पातळ करायचा बफर किटमध्येच द्यावा लागतो.

नमुने मिळवायला एथिक्स कमिटीची परवानगी लागते. पॅथॉलॉजीत उरलेल्या, नाव काढलेल्या सीरमला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीतून सूट मागता येते, ती मिळाली. बोट टोचून रक्त घ्यायला मात्र मराठीतलं संमतिपत्र हवं होतं. कमिटीत एक सामान्य नागरिक असावा लागतो. आमच्या बैठकीत तसे एक निवृत्त शिक्षक होते. डॉक्टर मंडळी सँपल साइझवर बोलत होती, आणि गुरुजींनी विचारलं, "हे सोनं पेशंटच्या अंगात जाणार आहे का?" संमतिपत्रात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सोनं पट्टीवरच राहतं, शरीरात काहीही जात नाही, हे वाक्य आता तिथे पहिल्या परिच्छेदात ठळक अक्षरांत आहे. त्या बैठकीतला सर्वांत कामाचा प्रश्न तोच होता, असं माझं मत.

सीरमवर पट्टी आता नीट चालते, प्रयोगशाळेच्या रीडिंगशी जुळते. बोटाच्या रक्ताचं अजून जमलेलं नाही. लाल पेशी गाळणाऱ्या पॅडवर फुटल्या की त्यांचा लाल रंग पुढे सरकतो आणि सोन्याची फिकी रेघ त्यात हरवते. दोन वेगळे पॅड मागवलेत, पर्चेसमध्ये फाइल अडकली आहे. दरम्यान पेपरच्या परीक्षकाने विचारलंय की उन्हाळ्यात पट्टी किती महिने टिकते. सिलिका जेलची पुडी घालून बंद केलेली पाकिटं सध्या 45 अंशांच्या ओव्हनमध्ये आहेत, पुढचं पाकीट सोमवारी उघडायचंय.