सहा किलोहर्ट्‌झचा काटा

मंडळी, काटा सापडला! मागच्या वेळी मी ज्या उसन्या आणलेल्या ओपन-बॅक (मागून उघड्या) हेडफोनबद्दल कुरकुर केली होती, त्याचीच गोष्ट. सोलो पियानो अप्रतिम, स्ट्रिंग क्वार्टेट त्याहून सरस. पण अख्खा ऑर्केस्ट्रा फॉर्टिसिमोला (अगदी मोठ्या आवाजाला) पोचला की व्हायोलिन कानात टोचायची. बाकी तक्रारीला जागाच नाही. रिचर्ड स्ट्राउसच्या ‘झरथुष्ट्र’च्या सुरुवातीला ऑर्गन आणि डबल बास मिळून जो खोल ‘सी’ धरतात (सुमारे ३३ हर्ट्‌झ), तो जुन्या जोडीवर अंदाजाने ऐकावा लागायचा. इथे तो चक्क जाणवतो.

पहिला संशय अँपवर. ट्यूबचा ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला अँप) काढून साधा सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरचा) लावला. बास आटोपशीर झाला, आणि ते होणारच होतं: ३०० ओहमच्या डायनॅमिक ड्रायव्हरचा (हेडफोनमधल्या आवाज काढणाऱ्या भागाचा) इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, बासच्या रेझोनन्सपाशी बराच चढतो, त्यात ओटीएलचा आउटपुट इम्पीडन्स जास्त, म्हणजे तिथला आवाज फुगतो. ‘ट्यूबची ऊब’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं हेच. टोचणी मात्र जशीच्या तशी. मग रेकॉर्डिंग बदलून पाहिली. माइक अगदी जवळ ठेवून केलेली काही जुनी रेकॉर्डिंग मुळातच कडक असतात, मान्य. पण नव्यांतही तेच. केबल बदलायचा सल्ला देणाऱ्यांना दुरूनच नमस्कार.

शेवटी साइन स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा एकच शुद्ध सूर) लावला, हळू आणि कमी आवाजात. ६ किलोहर्ट्‌झच्या जरा पुढे सूर एकदम अंगावर आला आणि लगेच मागे सरला. कप बोटभर पुढे सरकवला, तर ती जागाही वर सरकली! म्हणजे हा एकट्या ड्रायव्हरचा दोष नाही. माझ्या कानाची पाळी, पॅडची खोली आणि कप बसण्याची जागा यांचं ते संगनमत आहे. म्हणूनच नकली डोक्यावर (कानात माइक बसवलेल्या पुतळ्यावर) हेडफोन चढवून मोजलेले आलेख मी खालच्या आणि मधल्या पट्टीपुरतेच मनावर घेतो. वरच्या पट्टीत प्रत्येकाचा कान वेगळा. अर्थात हा भाग नाजूक आहे हे काही नवं नाही. २००९च्या सेनहायझर एचडी ८०० हेडफोनचा ६ किलोहर्ट्‌झजवळचा उंचवटा सगळ्यांना ठाऊक आहे. २०१६च्या ८०० एसमध्ये त्यासाठीच तो उंचवटा शोषणारा अ‍ॅब्सॉर्बर आला.

मग पॅरामेट्रिक इक्यू, म्हणजे हवी ती पट्टी नेमकी निवडून कमी-जास्त करणं. आधी सरळ ६ डीबी (डेसिबल) कापले, तर व्हायोलिनवर घोंगडी पडली आणि ट्रँगल गायबच. क्यू (पट्टी किती अरुंद हे ठरवणारा आकडा) कमी ठेवून पट्टी रुंद केली तर हॉलची हवाच जाते. आता ६.१ किलोहर्ट्‌झ, क्यू ४, वजा ३.५ डीबी. ओबोच्या रीडची धार शाबूत, गजाची खरखर शाबूत, टोचणी गेली. काल रात्री ब्रुकनरची आठवी सलग ऐकली, एकदाही आवाजाच्या नॉबकडे हात गेला नाही.

नॉबचंही सांगतो, कारण अर्धा आजार तिथे होता. पियानिसिमो (अगदी हळू वाजणारा भाग) नीट ऐकू यावा म्हणून आपण आवाज वाढवतो आणि मग टुट्टी (सगळा ऑर्केस्ट्रा एकत्र) डोक्यावर आदळते. आता मी नॉब टुट्टीवर बेततो. ओपन-बॅकला पंख्याची घरघर ही खरी अडचण, म्हणून पंखा बंद.

प्लेनर (सपाट पडद्याच्या ड्रायव्हरचा हेडफोन) घ्यायचा बेत होता, तो तूर्त बाजूला. वजनाचाही प्रश्न आहेच: एचडी ६००चं २६० ग्रॅम, ८०० एसचं ३३० ग्रॅम, ऑडिझीच्या प्लेनर एलसीडी-एक्सचं ६०० ग्रॅमच्या वर. माहलरची तिसरी सुमारे १०० मिनिटांची; मान कुणाची? पॅड मात्र नवे घेणार आणि मूळ कंपनीचेच. दुसऱ्यांचे पॅड मऊ असतात, पण खोली बदलली की सगळं ट्यूनिंग बदलतं, आणि माझा ६.१चा आकडाही.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. चष्म्याच्या काडीमुळे पॅड नीट टेकत नाही. तेव्हा चष्मा काढून पुन्हा स्वीप घ्यायला हवा. आणि जुन्या स्टिरिओत व्हायोलिन डाव्या कानाला चिकटून बसतात, त्यावर उपाय क्रॉसफीड, म्हणजे डावीकडचा थोडा आवाज उजव्या कानात आणि उजवीकडचा डाव्यात मिसळणं. ध्वनी-अभियंता बेंजामिन बाउअरने ही कल्पना १९६१ मध्येच मांडली होती. कोणी चांगलं प्लगइन वापरत असेल तर सेटिंगसकट सांगा, पुढच्या नोंदीआधी लावून बघतो.