ओझं जीपमध्ये, आपण पसरणी घाटात

वाई ते पाचगणी १२-१३ किलोमीटर. चढ ५०० मीटरहून जास्त, आणि तो जवळपास सगळा पसरणी गाव मागे पडल्यावर. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) आदल्या शनिवारी आम्ही हा घाट पायी चढतो. आमची ही वारीच म्हणा. टाळांच्या जागी हातात बायबलमधली स्तोत्रसंहिता.

पहाटे पाचच्या आत वाई सोडायची. ऊन तापलं की घाटातला डांबरी रस्ता खालूनही भाजतो. उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं एकामागे एक चालायचं. दोन लिटर पाणी, मीठ-साखर, पायाला सरावलेले जुने बूट. जड पिशव्या मात्र पुढे जाणाऱ्या जीपमध्ये टाकायच्या, दिंडीच्या वळकट्या ट्रकमध्ये जातात तशा.

हे जीपचं खूळ नुसतं सोयीचं नाही. बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:७) सगळी चिंता देवावर टाका म्हटलंय. मूळ ग्रीकमधलं ते क्रियापद लूक १९:३५ मध्येही येतं, शिष्य येशूसाठी आणलेल्या शिंगराच्या पाठीवर आपली वस्त्रं टाकतात तिथे. चिंता विसरायला कुणी सांगत नाही. अंगावरची काढून दुसऱ्याच्या पाठीवर द्यायला सांगितलंय. आणि सातवं वचन एकटं वाचू नये. सहाव्यात देवाच्या हाताखाली लीन व्हा असं आहे, त्याच वाक्याचा हा पुढचा भाग. 'माझ्याशिवाय घर चालणार कसं' हा ताठा सुटला नाही तर ओझंही सुटत नाही.

निघताना प्रत्येकाला एक कागद. एका ओळीत एकच चिंता, आकड्यासकट. 'घरचं टेन्शन' असलं मोघम चालत नाही. 'दहा तारखेचा सोसायटीचा हप्ता, ४,००० कमी पडतात' असं लिहायचं. आपल्या हातात काही करण्यासारखं असेल त्या ओळीपुढे फुली. ती कामं सोमवारपासून करायचीच. मत्तय ६:३४ उद्याची चिंता सोडायला सांगतं, उद्याचं काम नाही. बिनफुलीच्या ओळी प्रार्थनेसाठी.

स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं, यरुशलेमेला चढून जाणाऱ्यांची. आम्ही पाच थांब्यांवर तीन-तीन वाचतो: पसरणी, बुवासाहेबांचं मंदिर, हॅरिसन फॉली, दांडेघर आणि शेवटी पाचगणीतलं चर्च. १२० ची सुरुवातच संकटातल्या हाकेने होते, त्यामुळे घाबरलेल्या माणसाला उसना आनंद आणावा लागत नाही. १२१ डोंगराकडे डोळे वर करतं. ते पसरणीतच वाचायचं, पुढे मान वर करायला दम कुठला उरतो! खाली धोम धरणाचं पाणी उजळायला लागतं तोवर १२७ आलेलं असतं. पहाटे उठून, रात्री उशिरापर्यंत जागून कष्टाची भाकर खाणं व्यर्थ, असं त्यात आहे. रात्रपाळी करणारे इथे हमखास गप्प होतात. १३१ अवघ्या तीन वचनांचं, दूध तुटलेल्या लेकरासारखं शांत. ते दोनदा वाचतो.

प्रार्थना बिघडते ती बहुधा एकाच जागी. फिलिप्पैकरांस पत्रात (४:६) विनंतीसोबत आभार मानायला सांगितलंय. आभार गाळले की प्रार्थना म्हणजे चिंतेचीच उजळणी होते, आणि माणूस उठताना जास्त घाबरलेला असतो. म्हणून प्रत्येक ओळीमागे एक आभार, तोही ठोस: 'मागचा हप्ता भरला गेला.' तरी तिसऱ्या थांब्यावर कुणीतरी जीपवाल्याला फोन लावतोच, "माझी पिशवी नीट आहे ना?" हसायचं नाही. ती चिंता पुन्हा टाकायची.

उपवासाच्या नावाखाली उपाशी पोटी चढू नये. साखर उतरली की हात कापतात, छाती धडधडते, आणि मनातली भीतीच वाढली असं वाटतं. मधुमेह असेल तर खाऊनच निघावं आणि खिशात गूळ ठेवावा. आठवडेच्या आठवडे झोप नसेल तर चालण्यावर भागत नाही, डॉक्टर गाठावा. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं सांगणाऱ्यांना मिरज दाखवावी, डॉ. वॅनलेस तिथे ख्रिस्ती मिशनतर्फेच आले आणि त्यांनी रुग्णालय उभं केलं.

चर्चपाशी १३४ संपलं की पिशव्या जीपमधून उतरतात. कागद जाळायचा नाही. घडी घालून बायबलमध्ये ठेवायचा, पुढच्या लेंटला उघडायला. उतरताना मात्र एसटी धरायची. घाटाच्या उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटतात, आणि काळी पडलेली नखं महिनोन्महिने तशीच राहतात.