साडेचारची साडेसाती

मागच्या अहवालात मी सेगाच्या मेगा ड्राइव्ह २ या जुन्या गेम कन्सोलवर ५०/६० हर्ट्झचे (सेकंदाला ५० फ्रेम की ६० हे ठरवणारे) बटण बसवल्याचे सांगून विजयाची तुतारी फुंकली होती, ती आता मागे घ्यावी लागत आहे. त्यानंतरचे तीन आठवडे एकाच दोषाने खाल्ले. तो दोष परवा रात्री सापडला, आणि तोही मला नव्हे, तर इथे इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या मामांना, ज्यांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम पूर्ण खेळलेला नाही.

मांडणी जुनीच आहे. कन्सोलमधून आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे सिग्नल), एलएम १८८१ चिपने वेगळी केलेली सिंक (ओळ आणि फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणारा सिग्नल), तिथून जीबीएस-कंट्रोल हे सॉफ्टवेअर चढवलेला, चित्र मोठे करणारा जीबीएस-८२०० बोर्ड, मग व्हीजीए ते एचडीएमआय अडॅप्टर आणि शेवटी १०८० ओळींचा ४३ इंची टीव्ही. एलएम १८८१ लावल्यापासून उजळ दृश्यांत चित्राचा वरचा भाग वाकडा होणे पूर्ण थांबले आहे. महाराणी रोडवरच्या एका काउंटरवर ही चिप मला पहिल्याच फेरीत मिळाली. नऊ पिनांचा मिनी-डिन प्लग मात्र तिथे आणि जेल रोडवर मिळून सात दुकाने पालथी घालूनही मिळाला नाही, तो शेवटी बाहेरूनच मागवला.

६० हर्ट्झवर सोनिक, याच नावाच्या खेळाचा नायक, पहिल्यांदा त्याच्या खऱ्या वेगाने पळाला, त्याचा चपटेपणा गेला, आणि त्याच क्षणी पडदा थरथरू लागला. ग्रीन हिल या त्याच्या पहिल्या टप्प्यातील तपकिरी चौकटींची माती आपल्या सर्वांना पाठ आहे. सोनिक उभा असेपर्यंत ती ठीक दिसत होती, पण तो चालू लागला की चौकटी क्षणात रुंद, क्षणात अरुंद होत आणि सगळ्या जमिनीवरून मुंग्या फिरत असल्याचा भास होई. वर-खाली सरकताना तर ते अधिकच जाणवत होते.

कागद-पेन्सिल घेतल्यावर पहिले कारण पाच मिनिटांत सापडले. ६० हर्ट्झला चित्राची चौकट २४० ओळींची असते, त्यांपैकी खेळाचे चित्र २२४ ओळींत बसते. २४० ओळी १०८० मध्ये ताणल्या की प्रत्येक ओळीच्या वाट्याला साडेचार ओळी येतात. ४:३ आकाराच्या चित्रासाठी ओळीतली ३२० टिंबे (पिक्सेल) १४४० मध्ये ताणली तरी उत्तर तेच, साडेचार. अर्धी ओळ पडद्यावर काढता येत नाही, म्हणून एक ओळ चारची, पुढची पाचची किंवा मधलीच धूसर अशी वाटणी होते, आणि चित्र एका ओळीने सरकले की जाड होती ती बारीक होते. मुंग्या फिरतात त्या यामुळे. या आकड्याने आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी छळलेले आहे. २१६० ओळींच्या टीव्हीवर २४० ची पट बरोबर नऊ येते आणि प्रश्नच मिटतो, पण मुंग्या मारण्यासाठी नवा टीव्ही घेणे मला परवडणारे नाही.

उपाय सरळ होता. उभ्या दिशेने साडेचार सोडून बरोबर चारपट घ्यायची, म्हणजे २२४ ओळींचे चित्र ८९६ ओळींत बसते आणि वर-खाली काळी पट्टी राहते. आडव्या दिशेत मी पूर्णांकाच्या मागे लागलो नाही, आणि त्याबाबत माझे मत ठाम आहे. ओळी मोजता येतात, पण ओळीच्या आत जाणारा सिग्नल अखंड असतो, त्यात टिंबांच्या भिंती नसतात. शिवाय मेगा ड्राइव्हची २५६ टिंबांची रीत आणि ३२० टिंबांची रीत या दोन्हींत चित्राची ओळ जवळजवळ तेवढाच वेळ घेते, कारण टिंबांचे घड्याळच बदलते. त्यामुळे जीबीएसवर एकदा बसवलेली रुंदी दोन्ही रीतींना चालते. ओएसएससी या ओळींची पट करणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर प्रत्येक टिंब अचूक टिपायचे असेल, तर दोन्हींसाठी वेगळी प्रोफाइल ठेवावी लागते. ओएसएससीची धार अधिक चांगली आहे हे मान्य करूनही घरच्या वापराला मी जीबीएसच्याच बाजूने आहे.

ठरल्याप्रमाणे बोर्डाच्या वेब पानावरील बाण दाबत दाबत चित्र आक्रसून घेतले, २४०पी टेस्ट सूट या चित्र तपासण्याच्या प्रोग्राममधील वर्तुळे आणली, पडद्यावर स्टीलची वाटी टेकवून वर्तुळ गोल आहे की नाही हे पाहिले (घरातून आक्षेप आला, वाटी धुऊन परत केली) आणि रुंदी ११७० च्या आसपास स्थिर केली. ६० हर्ट्झला ३२० च्या रीतीतले टिंब उंचीपेक्षा सुमारे नऊ टक्के अरुंद असते, म्हणून ३२० ची चारपट १२८० नव्हे, ११७०. वर्तुळ गोल झाले. सोनिक पळवला. मुंग्या जागच्या जागी होत्या.

येथून पुढे मी जे केले ते वाचून कोणी हसू नये. प्रथम संशय घेतला तो वारंवारतेवर. पाल (५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीच्या) क्रिस्टलचा मेगा ड्राइव्ह ६० वर टाकला तरी तो प्रत्यक्षात ५९.४ च्या आसपास चालतो आणि टीव्ही त्याला साठ समजून मध्येच फ्रेम गाळत असेल, असे मला वाटले. बोर्डाची फ्रेम कन्सोलच्या फ्रेमशी जुळवणारा फ्रेम लॉक चालू केला, बंद केला, घड्याळासाठी लावलेला एसआय५३५१ चिपचा तुकडा पुन्हा डाखला, काहीही फरक पडला नाही. मग अडॅप्टर बदलला. दुसरा अडॅप्टर ज्याने विकला त्याने छातीठोकपणे खात्री दिली होती, पण त्यात काळा रंग राखाडी दिसू लागला, म्हणून तो खणात गेला. मग केबल. मग बोर्डाचा वीजपुरवठा. एका रात्री तर सगळे विकून रेट्रोटिंक ५एक्स हे तयार यंत्र मागवण्याइतका मी वैतागलो होतो आणि आयात शुल्क धरून होणारी बेरीज पाहूनच थांबलो.

एक सुगावा मात्र हाती होता आणि मी त्याकडे नीट पाहिले नाही. मोबाइलने पडद्याचा जवळून फोटो काढला, तर ओळी आळीपाळीने जाड-बारीक नव्हत्या. चार ओळी सारख्या, पाचवी जाड आणि कडेला पुसट, पुन्हा चार सारख्या, पुन्हा पाचवी जाड. हे साडेचारचे चित्र नव्हे. दर पाच ओळींमागे एक जादा ओळ, म्हणजे पट होती ४.२, चारच्या पाच टक्के वर. बोर्ड चारच देत होता, पाच टक्के कोणीतरी पुढे वाढवत होते.

परवा मामा जेवायला आले होते. पूर्वी ते पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त करत, त्यामुळे माझ्या टेबलावरचा पसारा पाहून त्यांना राहवत नाही. मी तक्रार सांगितली. त्यांनी बोर्डाकडे पाहिलेही नाही.

"पडद्यावर चित्र किती उंच यायला पाहिजे?" त्यांनी विचारले.

मी हिशेब करून सांगितले, "साधारण ४४.४ सेंटिमीटर."

"मग मोज की."

फूटपट्टी लावली. ४६.६ भरले.

"टीव्ही फुगवतोय रे," मामा म्हणाले, "आम्ही पण फुगवायचो. इंदूरचं व्होल्टेज रात्री पडलं की चित्र आक्रसायचं आणि कडेला काळं दिसायचं. गिऱ्हाईक लगेच हाका मारायचं. म्हणून पहिल्यापासूनच चित्र काचेच्या थोडं बाहेर सोडायचं."

ओव्हरस्कॅन! ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही. ती मी या टीव्हीवर पहिल्याच दिवशी बंद केली होती. पण तेव्हा मशीन ५० हर्ट्झवर होते, आणि हा टीव्ही चित्राच्या आकाराची निवड ५० हर्ट्झसाठी वेगळी आणि ६० हर्ट्झसाठी वेगळी लक्षात ठेवतो. बटण बसवल्या दिवसापासून मी त्याच्या दृष्टीने नव्याच सिग्नलवर होतो आणि तिथे ओव्हरस्कॅन मुळातच चालू होता. तो दिसला का नाही, याचे उत्तर अधिक चिडवणारे आहे. चारपटीमुळे वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, त्यामुळे टीव्हीने कापला तो फक्त काळा भाग. चित्राची एकही ओळ गेली नाही, म्हणून मला शंका आली नाही. माझ्याच उपायाने गुन्हेगाराला लपवले होते.

रिमोटवरून दोन बटणे दाबली आणि मुंग्या गेल्या. ग्रीन हिलची जमीन पळते आहे आणि प्रत्येक चौकट आपला आकार धरून आहे, हे दृश्य मी दहा मिनिटे नुसते इकडून तिकडे धावत पाहिले. ज्यांचा टीव्ही सगळ्या जोडण्या बरोबर असूनही थरथरतो, त्यांनी बोर्डाला हात लावण्यापूर्वी चित्राची उंची पट्टीने मोजावी, आणि प्रत्येक वारंवारतेला वेगळी मोजावी.

येथपर्यंत लिहून झाल्यावर एक विचार आला आणि अहवाल अर्धवट ठेवून मी पुन्हा टीव्हीसमोर गेलो. काळ्या पट्ट्या ठेवायच्याच कशाला? २२४ ची पाचपट ११२०, म्हणजे १०८० पेक्षा ४० जास्त. या चाळीस ओळी म्हणजे खेळाच्या आठ, वरून चार आणि खालून चार. मामांच्या काळातले टीव्ही एवढे चित्र काचेबाहेर सहज टाकत असत, आणि खेळ बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक असल्यामुळे कामाचे काही ते कडेला ठेवत नसत. पाचपट लावली, रुंदी १४६० पर्यंत नेली. वरचा स्कोअर आणि खालचे जीव दोन्ही शाबूत आहेत, पट पूर्णांक आहे, आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरला आहे. चारपटीचे सगळे श्रम आता एका प्रीसेटमध्ये पडून राहतील. मी पाचवरच थांबणार आहे.

फॅमिक्लोनचे, म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असलेल्या कन्सोलचे, काम त्यामुळे आणखी लांबले. त्यातून फक्त कॉम्पोझिट (सगळे चित्र एकाच तारेतून) निघते आणि जीबीएस ते घेत नाही. स्वस्त एव्ही ते एचडीएमआय डबीतून मी ते एकदा चालवून पाहिले. ती डबी २४० ओळींना ४८० ओळींचे इंटरलेस (एकाआड एक ओळी दाखवणारे) चित्र समजून दोन फ्रेम एकमेकांत मिसळते, त्यामुळे लुकलुकणारे स्प्राइट (खेळातल्या हलत्या आकृती) पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात, आणि वर सगळे आडवे ताणून देते. त्या डबीचा विचारही कोणी करू नये.

एक गोष्ट राहिली. मामांनी जाताना बटण पुन्हा ५० वर टाकले. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने मेगा ड्राइव्ह भारतात आणला तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती, त्यामुळे आम्ही तो दुसऱ्यांच्याच घरी पाहिला, आणि पाहिला तो सहाव्या हिश्श्याने मंद आणि चपटा. मामांना तोच ओळखीचा वाटतो. त्यांच्यासाठी ५० हर्ट्झचा प्रीसेट करायला घेतला. पालमध्ये हेच टिंब उंचीपेक्षा सुमारे अकरा टक्के रुंद पडते, म्हणून पाचपटीला बरोबर रुंदी येते सुमारे १७७४. म्हणजे १९२० च्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना जेमतेम ७३ टिंबांची पट्टी उरते. आमच्या लहानपणीचा तो चपटा सोनिक या टीव्हीवर जवळजवळ काठोकाठ बसतो. येत्या रविवारी रुंदी पट्टीने मोजून आकडे कळवतो.