के०३च्या कवचात मोठं चाक

आज दिवसभर जुन्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसच्या टर्बोत (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) डोकं घालून बसलो होतो. १.८ लिटर, २० व्हॉल्व्हचं इंजिन, त्यावर कंपनीचा छोटा के०३एस टर्बो. गाडीमालकाला हवा होता ऑडी एस३चा मोठा के०४ टर्बो. पण तो घ्यायचा म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डही (इंजिनातला धूर टर्बोपर्यंत नेणारा भाग) त्याचाच लागतो आणि मग पाइपांपासून सगळंच बदलत जातं. म्हणून हायब्रिड टर्बो करायचं ठरलं: बाहेरचं कवच जुनंच, आत मोठं कॉम्प्रेसर व्हील, म्हणजे हवा दाबणारं चाक.

मोठं चाक जुन्या कवचात तसंच मावत नाही. कवच लेथवर आतून कापावं लागतं, अगदी चाकाच्या वळणाबरहुकूम. फट जास्त राहिली तर हवा मागे निसटते, कमी राहिली तर पाती घासतात आणि टर्बो संपला. चाकाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे मारतो हो! म्हणून बॅलन्सिंग झालं की चाकावर आणि नटावर खूण करायची, जोडताना त्या खुणा जुळल्याच पाहिजेत. आज शाफ्ट चिमटीत धरून हलवला. आडवा किंचित खेळ होता, तो असतोच, तेलाचा दाब आला की सावरतो. पुढेमागे मात्र हलला नाही. इतकं बरं वाटलं!

टर्बाइनची, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाची, बाजू लहानच ठेवलीय. खाली पिकअप छान मिळेल, पण वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट तिथे तुंबणार, हे मालकांना आधीच सांगितलंय. आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग होईपर्यंत गाडी दामटायची नाही. उद्या ऑइलची फीड लाइनही नवीच टाकतोय, जुनीत जळकं तेल साचलेलं असतं.